तिकीट दिले, पण कुठले? निवडणुकीतील महिला उमेदवारांच्या कोट्याविषयी

सारासार (धागालेखक)

विधिमंडळांत स्त्रियांची संख्या वाढावी म्हणून जगभर दोन वेगळ्या जातीचे नियम केले जातात आणि चर्चेत त्यांची हटकून सरमिसळ होते, म्हणून सुरुवातीलाच फरक नोंदवून ठेवतो. पहिल्या प्रकारात जागाच राखीव असते. तिथे पुरुषाला उभेच राहता येत नाही, त्यामुळे निकाल कसाही लागला तरी स्त्रीच निवडून येते. रवांडाच्या २००३ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहातील ८० पैकी २४ जागा अशा ठेवल्या. भारतात ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांमध्ये एक तृतीयांश जागांबाबत हेच केले. दुसऱ्या प्रकारात बंधन जागेवर नसते, पक्षावर असते. तुमच्या एकूण उमेदवारांत अमुक टक्के स्त्रिया हव्यात एवढेच कायदा सांगतो आणि पुढचा निर्णय मतदारांवर सोपवतो. हा धागा दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

माझे म्हणणे असे की, उमेदवारीच्या कोट्यात टक्केवारीचा आकडा हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग असतो, आणि नेमकी त्याच्यावरच सगळी भाषणे होतात. ३० टक्के की ५० टक्के यावर संसदेत दिवस घालवले जातात. मात्र दिलेले तिकीट जिंकण्याजोगे आहे का, आणि नियम मोडणाऱ्या पक्षाचे नेमके काय होते, या दोन गोष्टी कायद्याच्या शेपटाकडच्या एखाद्या पोटकलमात असतात किंवा मुळीच नसतात.

यासाठी फ्रान्सइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही. तिथे १९८२ मध्ये नगरपालिका निवडणुकीच्या याद्यांत कोणत्याही एका लिंगाचे उमेदवार ७५ टक्क्यांहून अधिक नसावेत अशी तरतूद संसदेने केली होती, आणि घटना परिषदेने ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे १९९९ मध्ये राज्यघटनाच बदलावी लागली आणि जून २००० मध्ये समानतेचा कायदा झाला. आता गंमत पाहा. कायदा एक, तत्त्व एक (निम्म्या उमेदवार स्त्रिया), पण अंमलबजावणीचे मार्ग दोन. मोठ्या नगरपालिकांची निवडणूक याद्यांवर होते, म्हणजे मतदार एकेका उमेदवाराला नव्हे तर अख्ख्या यादीला मत देतो. तिथे नियम न पाळणारी यादी दाखलच करून घेतली जात नाही. राष्ट्रीय सभेच्या ५७७ जागा मात्र एकसदस्यीय मतदारसंघांतून निवडल्या जातात; तिथे नियम मोडला तर पक्षाच्या सरकारी अनुदानात कपात होते, एवढेच. निकाल काय लागला? २००१ मध्ये ३,५०० हून अधिक वस्तीच्या नगरपालिकांत स्त्री-सदस्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावरून ४७ टक्क्यांच्या पुढे गेले. २००२ मध्ये राष्ट्रीय सभेत स्त्रियांची संख्या ६३ वरून ७१ झाली. तोच देश, तेच पक्ष, तेच मतदार, मध्ये अंतर जेमतेम सव्वा वर्षाचे.

त्यातही एक बारकावा आहे. कपात अनुदानाच्या ज्या भागातून होत असे, तो भाग मिळालेल्या मतांवर ठरतो. दुसरा भाग संसदेतील सदस्यसंख्येवर ठरतो आणि त्याला कपात लागू नव्हती. साहजिकच सदस्यसंख्या मोठी असलेल्या पक्षांना दंड परवडला आणि त्यांनी तो भरला. ज्यांचे पोट पहिल्याच भागावर अवलंबून होते त्या छोट्या पक्षांनी नियम काटेकोर पाळला. म्हणजे ज्यांच्या तिकिटावर माणूस निवडून येतो त्यांनी सूट विकत घेतली आणि ज्यांच्या तिकिटावर क्वचितच कोणी निवडून येतो त्यांनी समानता पाळली. पुढे दंड वाढवला गेला आणि २०१७ मध्ये प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढे गेले, पण तोवर पंधरा वर्षे गेली होती.

सदस्यांनी आपापली मते मांडावीत. विरोधी मतांचेही स्वागत आहे, मात्र ‘स्त्रियांना राजकारणात रसच नसतो’ या धर्तीची वाक्ये कृपया टाळावीत. त्यांच्यावर याआधी पुरेशी शाई खर्च झालेली आहे.

पायवाट

फ्रान्सच्या आधी अर्जेंटिनाचा उल्लेख व्हायला हवा होता, कारण राष्ट्रीय निवडणुकीतील उमेदवारीला असे कायदेशीर बंधन घालण्याची वाट त्या देशाने १९९१ मध्ये पाडली. तिथल्या कायद्यात ३० टक्क्यांबरोबर आणखी काही शब्द होते, ते म्हणजे ‘निवडून येण्याची शक्यता असलेल्या स्थानांवर’. तिथे बंद यादी असते. मतदार पक्षाला मत देतो आणि यादीतील वरची नावे क्रमाने निवडून येतात. त्यामुळे यादीच्या तळाशी स्त्रियांची नावे लिहून ३० टक्के भरले असते तर एकही स्त्री निवडून आली नसती.

शब्द होते तरी पक्षांनी पळवाट शोधलीच. कोर्दोबा प्रांतात १९९३ च्या निवडणुकीत एका मोठ्या पक्षाच्या त्या वेळी ५ जागा पणाला लागल्या होत्या आणि त्याने ६ जणांची यादी दिली, ज्यात स्त्रिया चौथ्या आणि सहाव्या क्रमांकावर होत्या. सहापैकी दोन म्हणजे ३३ टक्के, कागदावर नियम पूर्ण. मात्र ज्या ५ जागा खरोखर येऊ शकत होत्या त्यांत स्त्री एकच. मारिया मेर्सियाद्री या त्याच पक्षाच्या कार्यकर्तीने न्यायालयात दाद मागितली. तिथे यश आले नाही, म्हणून प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे गेले. अखेर सरकारने २००० मध्ये नवा आदेश काढून ‘निवडून येण्याची शक्यता’ म्हणजे काय याची व्याख्याच बांधून दिली आणि २००१ मध्ये तडजोड झाली. एका क्रमांकाच्या फरकासाठी आठ वर्षे. २०१७ मध्ये तिथे ५० टक्क्यांचा, एकाआड एक नावांचा कायदा झाला. धागालेखकांचा ‘शेपटाकडचे पोटकलम’ हा मुद्दा यामुळे अधिकच पटतो.

तर्कटी

मी या विषयावर विरोधी बाकावर बसतो, आणि धागालेखकांनी निषिद्ध ठरवलेले वाक्य न वापरता बसतो.

माझा पहिला आक्षेप पक्षाच्या स्वातंत्र्याचा आहे. पक्ष ही नागरिकांनी स्वेच्छेने उभारलेली संघटना आहे. तिने कोणाला उमेदवार करावे हे तिच्या सदस्यांनी ठरवायचे. सरकारने ठरवायचे नाही. आज लिंगाची अट घातली, उद्या वयाची, परवा शिक्षणाची घालतील, आणि प्रत्येक अटीमागे उदात्त हेतू असेलच. एखाद्या पक्षाने स्वतःहून कोटा स्वीकारला तर माझी हरकत नाही. नॉर्वेत समाजवादी डाव्या पक्षाने १९७५ मध्ये ४० टक्क्यांचा नियम स्वतःसाठी केला, मजूर पक्षाने १९८३ मध्ये तोच मार्ग धरला, आणि राष्ट्रीय निवडणुकीसाठी कायद्याची गरज पडली नाही.

दुसरा आक्षेप असा की, पक्षाने स्वतः कोटा घेतला तरी तो बहुधा वरून खाली लादला जातो आणि स्थानिक कार्यकर्त्यांचा मताधिकार त्यात चिरडला जातो. ब्रिटनमधील ब्लेनाव ग्वेंट हा मजूर पक्षाचा अभेद्य बालेकिल्ला होता. २००१ मध्ये तिथे पक्षाचे मताधिक्य सुमारे १९,००० होते. २००५ मध्ये पक्षाने तिथे फक्त स्त्रियांचीच नावे विचारात घेतली जातील असे ठरवून मॅगी जोन्स यांना उमेदवारी दिली. वेल्सच्या विधिमंडळातील स्थानिक सदस्य पीटर लॉ यांनी बंड केले, अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ९,००० मतांनी निवडून आले. जे तिकीट ‘सर्वांत सुरक्षित’ म्हणून स्त्रीला दिले, तेच मतदारांनी उलथवले. सुरक्षित जागा ही पक्षाची खासगी मालमत्ता असते असे गृहीत धरणाऱ्यांनी या निकालाकडे जरा थांबून पाहावे.

मोजपट्टी

तर्कटी यांचे उदाहरण बरोबर आहे, पण ते एका मतदारसंघाचे आहे आणि त्याच धोरणाचा एकंदर हिशेब वेगळा निघतो. मजूर पक्षाने १९९३ मध्ये ठरवले की, पक्षाचे विद्यमान सदस्य निवृत्त होत असलेल्या आणि जिंकण्याजोग्या जागांपैकी निम्म्या ठिकाणी निवड केवळ स्त्रियांतून करायची. लक्षात घ्या, नियम ‘एकूण उमेदवारांच्या निम्म्या’ असा नव्हता, ‘जिंकण्याजोग्या जागांच्या निम्म्या’ असा होता. जानेवारी १९९६ मध्ये लीड्सच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने दोन पुरुषांच्या तक्रारीवरून ही पद्धत लिंगभेदविरोधी कायद्याचा भंग करते असा निर्णय दिला, त्यामुळे पुढची निवड थांबली. तोवर ज्या निवडल्या गेल्या होत्या त्या कायम राहिल्या, आणि १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या १०१ स्त्रिया निवडून आल्या. २००१ मध्ये ही पद्धत वापरता आली नाही, आणि ब्रिटिश संसदेतील स्त्रियांची एकूण संख्या १२० वरून ११८ वर घसरली. २००२ मध्ये कायदा बदलून पक्षांना अशी निवड करण्याची मुभा दिली गेली. सक्ती कोणावरही नाही. २००५ मध्ये संख्या १२८ झाली, ब्लेनाव ग्वेंटसकट.

आता याच्या उलटचे एक उदाहरण. उत्तर प्रदेशच्या २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने ४० टक्के तिकिटे स्त्रियांना देण्याची घोषणा केली आणि जवळपास पाळलीही. पक्षाच्या एकूण जागा आल्या २, त्यांत स्त्री १. तिकिटांची टक्केवारी अभूतपूर्व, पण तिकिटांना बाजारात किंमत नव्हती. त्याआधी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ओडिशात सत्तेवर असलेल्या बिजू जनता दलाने २१ पैकी ७ जागी स्त्रिया दिल्या आणि त्यांतील ५ निवडून आल्या. टक्का कमी, परिणाम मोठा. हरणाऱ्या पक्षाने औदार्य दाखवणे सोपे असते, कारण त्यात विद्यमान आमदाराचे तिकीट कापावे लागत नाही.

राहिला गुणवत्तेचा प्रश्न. तो तर्कटी यांनी सभ्यपणे टाळला आहे, पण पुढे कोणीतरी आणणारच, म्हणून आताच हात घालतो. स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९३ मध्ये यादीत एकाआड एक स्त्री-पुरुष असा नियम सर्व शाखांना लागू केला. बेस्ली, फोल्के, पेर्सन आणि रिकने या अभ्यासकांनी नगरपालिका पातळीवर त्याचा परिणाम तपासला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षमतेचे माप म्हणून त्यांनी असे पाहिले की, समान वय, शिक्षण आणि व्यवसाय असलेल्या इतरांच्या तुलनेत ती व्यक्ती राजकारणाबाहेर किती कमावते. हे माप अपुरे आहे हे मान्य, पण ते सर्वांना सारखेच लावले आहे. त्यांना असे आढळले की, जिथे नियमामुळे स्त्रियांचे प्रमाण सर्वांत जास्त वाढले तिथे निवडून आलेल्या पुरुषांची सरासरी क्षमता वाढली, आणि स्त्रियांची घटली नाही. कारणही त्यांनी मांडले आहे. सुमार पुढारी आपल्या भोवती सुमार माणसे जमवतो, कारण हुशार माणूस त्याच्या खुर्चीला धोका असतो. यादीतील निम्म्या जागा हातातून गेल्यावर अशा पुढाऱ्याला आपले गणगोत सामावून घेता आले नाही आणि पहिल्यांदा गळाले ते सुमार पुरुष.

तर्कटी

स्वीडनचा अभ्यास मला ठाऊक आहे आणि मी तो नाकारत नाही. मात्र तो यादी पद्धतीचा आहे, तोही स्वेच्छेने घेतलेल्या नियमाचा, एका शिस्तबद्ध पक्षातला. एकसदस्यीय मतदारसंघात ‘पुरुषांची सरासरी’ निघत नाही, एकच माणूस निघतो.

शिवाय ‘मतदारांवर बंधन नाही’ हा धागालेखकांचा दावा सर्वत्र खरा नाही. चिलीमध्ये मे २०२१ मध्ये घटना लिहिण्यासाठी परिषद निवडली गेली तेव्हा निकालानंतर दुरुस्ती करण्याची तरतूद होती. एखाद्या जिल्ह्यात एका लिंगाचे सदस्य जास्त निवडून आले तर कमी मतांच्या विजयी उमेदवाराला बाजूला करून त्याच गटातील दुसऱ्या लिंगाच्या उमेदवाराला आत घ्यायचे. स्त्रियांना मदत व्हावी म्हणून हे केले होते. प्रत्यक्षात मतदारांनी स्त्रियांना इतकी मते दिली की दुरुस्तीचा फायदा पुरुषांनाच अधिक झाला, आणि १५५ जणांच्या परिषदेत ७८ पुरुष व ७७ स्त्रिया बसल्या. मतदारांनी निवडलेल्या स्त्रिया, स्त्रियांसाठी केलेल्या नियमाने घरी गेल्या.

अवांतर

चिलीचा किस्सा मोठा बोलका आहे, पण त्यातून तर्कटी यांच्या भूमिकेलाही थोडा धक्का बसतो असे मला वाटते. मतदारांना स्त्री-उमेदवार नको असतात, म्हणून पक्ष त्यांना तिकीट देत नाहीत, हा पक्षश्रेष्ठींचा नेहमीचा बचाव. चिलीत पक्षांना समान संख्येने उमेदवार द्यावे लागले आणि मतदारांनी तो बचाव खोटा ठरवला. म्हणजे अडसर मतपेटीत नव्हता, तिकीट वाटपाच्या बैठकीत होता.

माझी एक शंका आहे. डमी उमेदवारांचे काय? नियम कितीही कडक केला तरी पक्ष कोणाची तरी बायको, बहीण किंवा कार्यालयातील कर्मचारी कागदावर उभी करून संख्या भरणार नाहीत का? यावर कोणी काही उपाय केले आहेत काय?

सारासार

अवांतर यांच्या शंकेवर सविस्तर लिहितो, कारण पळवाटांचा इतिहास हाच या कायद्यांचा खरा इतिहास आहे.

बोलिव्हियात १९९९ च्या नगरपालिका निवडणुकीत पक्षांनी पुरुष उमेदवारांच्या नावांची अखेरची अक्षरे बदलून ती स्त्रियांची करून टाकली. स्पॅनिशमध्ये ‘ओ’चा ‘आ’ केला की बहुतेकदा काम भागते. मारिओची मारिया झाली, नियम पूर्ण झाला आणि निवडून आल्यावर मारिया पुन्हा मिशीवाली. यावर उपाय सोपा होता, ओळखपत्र तपासणे.

ब्राझीलची पळवाट अधिक सरळ होती. १९९७ च्या कायद्यात ३० टक्के उमेदवारी ‘राखून ठेवावी’ असे लिहिले होते. पक्षांनी ती राखून ठेवली, म्हणजे रिकामी ठेवली. जितक्या जागा त्याहून कितीतरी अधिक उमेदवार देण्याची मुभा असल्याने रिकाम्या ठेवूनही पुरुषांची सोय होत होती. २००९ मध्ये ‘राखून ठेवावी’च्या जागी ‘भरावी’ असे क्रियापद आले. मग पक्षांनी भरल्या, पण नावापुरत्या. स्वतःचेही मत न मिळालेल्या, म्हणजे शून्य मतांच्या, हजारो स्त्री-उमेदवार निकालात दिसू लागल्या. काहींना आपण उमेदवार आहोत याची कल्पना नसल्याचीही प्रकरणे समोर आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैशाकडे मोर्चा वळवला आणि सरकारी निधीतील किमान ३० टक्के रक्कम स्त्री-उमेदवारांच्या प्रचारावर खर्च झालीच पाहिजे असे ठरवले. प्रचाराचा निधी हातात आला तरच उमेदवारी खरी, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. त्यानंतर निधी मिळवण्यापुरत्या उभ्या केलेल्या उमेदवारांचे नवे घोटाळे निघाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

सर्वांत कल्पक पळवाट मात्र मेक्सिकोची. तिथे प्रत्येक उमेदवारासोबत एक पर्यायी उमेदवारही निवडला जातो, जो मूळ सदस्य रजेवर गेला की जागेवर बसतो. २००९ मध्ये नवे सभागृह भरताच अनेक स्त्री-सदस्यांनी रजेचे अर्ज दिले आणि त्यांच्या जागी पर्यायी पुरुष येऊन बसले. काही ठिकाणी ते त्यांचे पती किंवा नातलगच होते. या स्त्रियांना ‘हुआनिता’ असे टोपणनाव पडले. ते आले ‘हुआनितो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका पुरुषावरून, ज्याने त्याच वर्षी मेक्सिको शहराच्या एका विभागात निवडून येताच पद एका स्त्रीला सोडण्याचे वचन देऊन निवडणूक लढवली होती. नवल हे की, जागा स्त्रीसाठी सोडणाऱ्या पुरुषाचे नाव जागा पुरुषांसाठी सोडणाऱ्या स्त्रियांना चिकटले.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या निवडणूक न्यायाधिकरणाने दोन गोष्टी केल्या. मूळ उमेदवार स्त्री असेल तर पर्यायीही स्त्रीच हवी असे ठरवले, आणि पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडणाऱ्या पक्षांना कोट्यातून जी सूट होती ती काढून घेतली. तर्कटी यांना दुसरा भाग आवडणार नाही हे मी जाणून आहे. पुढच्याच निवडणुकीत स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास गेले. २०१४ मध्ये समान उमेदवारी राज्यघटनेत आली आणि २०२१ मध्ये ५०० जणांच्या सभागृहात २५० स्त्रिया होत्या.

म्हणून अवांतर यांना माझे उत्तर असे की, पळवाटा निघणारच. पण प्रत्येक पळवाट पुरेशी ठळक असते आणि ती बुजवता येते. न बुजवता येणारी स्थिती एकच, ती म्हणजे नियम आहे पण त्याची यंत्रणाच नाही. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत निवडून आलेल्या कोणत्याही संस्थेत एका लिंगाचे सदस्य दोन तृतीयांशाहून अधिक नसावेत असे स्वच्छ लिहिले आहे. ते साधायचे कसे हे संसदेने ठरवायचे होते, आणि संसदेने वर्षानुवर्षे ठरवले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांनी या कारणावरून संसद विसर्जित करावी असा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला. संसद विसर्जित झाली नाही.

पायवाट

हे सगळे वाचून मला असे वाटू लागले आहे की, धागालेखक ज्या वाटेचे समर्थन करत आहेत ती फार वळणावळणाची आहे, आणि एकसदस्यीय मतदारसंघ असलेल्या देशांत राखीव जागाच बऱ्या. पळवाट नाही, दंड नाही, व्याख्या नाहीत. १९९७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या ज्या प्रभागांत स्त्रियांसाठी आरक्षण होते, त्यांतील जे २००२ मध्ये खुले झाले तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता, पूर्वी कधी राखीव नसलेल्या खुल्या प्रभागांच्या तुलनेत, सुमारे पाचपट होती असे रिखिल भावनानी यांच्या अभ्यासात आढळले. म्हणजे आरक्षण उठल्यावरही त्याचा ठसा राहिला.

सारासार

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही पाहावी. आरक्षण चक्राकार फिरते तेव्हा निवडून आलेल्या स्त्रीला पुढच्या वेळी त्याच जागेवरून उभे राहण्याची खात्री नसते, आणि पाच वर्षे मतदारसंघ बांधायला तिला कारणच उरत नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतही लोकसभा आणि विधानसभांच्या राखीव जागा मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरवण्याची तरतूद आहे. जागा राखली की उरलेल्या जागा आपोआप ‘पुरुषांच्या’ मानल्या जातात हा दुसरा तोटा. पक्ष म्हणतो, तुमच्यासाठी आहेत ना राखीव, मग इथे कशाला?

नेपाळमध्ये हे सरळ आकड्यांत दिसते. संसदेत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी घटनेची अट आहे आणि थेट निवडणुकीत कमी पडणारी संख्या पक्षाने यादीतून भरून द्यायची असते. परिणामी २०१७ मध्ये थेट निवडणुकीच्या १६५ जागांवर फक्त ६ स्त्रिया निवडून आल्या. थेट जागा पुरुषांना, यादी स्त्रियांना, अशी वाटणीच झाली. त्याच वर्षी स्थानिक निवडणुकीत प्रमुख आणि उपप्रमुख यांपैकी एक उमेदवार स्त्री असली पाहिजे असा नियम होता. ७५३ स्थानिक संस्थांपैकी १८ ठिकाणी स्त्री प्रमुख झाली आणि ७०० ठिकाणी उपप्रमुख. नियम शब्दशः पाळून स्त्रियांची उपपदावर बोळवण केली गेली. शिवाय एखादा पक्ष दोन पदांपैकी एकच पद लढवत असेल तर नियम लागू होत नाही, त्यामुळे २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या करून पदे आपसांत वाटून घेतली आणि स्त्री-उपप्रमुखांची संख्याही घटली.

मोजपट्टी

यावरून निघणारी दिशा अशी दिसते की, एकसदस्यीय मतदारसंघातही ‘जिंकण्याजोगी जागा’ मोजता येते. मेक्सिकोत नेमके तेच केले गेले. ज्या मतदारसंघांत पक्षाला मागच्या वेळी सर्वांत कमी मते पडली, तिथे फक्त एका लिंगाचे उमेदवार देता येणार नाहीत असे कायदा सांगतो. अंमलबजावणी करताना पक्षाचे सर्व मतदारसंघ मागील मतांच्या टक्केवारीने उतरत्या क्रमाने लावतात, त्यांचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग करतात, आणि स्त्रिया खालच्या भागात कोंबलेल्या नाहीत ना ते पाहतात. हिशेब कोणालाही करता येतो, कारण निकाल सार्वजनिकच असतात. पडेल जागा देऊन टक्केवारी भरण्याची सोय यामुळे संपते.

आयर्लंडने दंडाचा भाग बरा केला आहे असे माझे मत. २०१२ च्या कायद्याने सुरुवातीला ३० टक्क्यांहून कमी स्त्री-उमेदवार देणाऱ्या पक्षाचे निम्मे सरकारी अनुदान कापले जाई, आणि ही किमान मर्यादा पुढे आपोआप ४० टक्के होईल असेही त्याच कायद्यात लिहून ठेवले होते; २०२३ मध्ये ती तशी झाली. फ्रान्समधील मोठ्या पक्षांसारखे दंड भरून मोकळे होणे तिथे कोणाला परवडले नाही. २०११ मध्ये १६६ जणांच्या सभागृहात २५ स्त्रिया होत्या, २०१६ मध्ये १५८ जणांत ३५ झाल्या. झेप मोठी नाही, कारण कुठल्या जागा द्यायच्या याविषयी कायदा गप्प आहे. दंड आयर्लंडचा आणि तीन भागांची मोजणी मेक्सिकोची, असे दोन्ही एकत्र आणता आले तर धागालेखकांचे दोन्ही प्रश्न सुटतात.

तर्कटी

तीन भागांची मोजणी मला तत्त्वतः तरी इतर उपायांपेक्षा कमी आक्षेपार्ह वाटते, कारण ती अमुकच मतदारसंघात स्त्री द्या असे सांगत नाही, आणि ब्लेनाव ग्वेंटसारखा प्रसंग टाळायला पक्षाला वाव ठेवते. माझी अडचण व्यावहारिक आहे. नव्या पक्षाचे काय? त्याला ‘मागील मते’च नसतात. त्याचे मतदारसंघ कोणत्या क्रमाने लावणार?

सारासार

रास्त प्रश्न आहे, आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. पहिल्या निवडणुकीत नव्या पक्षाला केवळ एकूण टक्केवारीचे बंधन असावे, तीन भागांची मोजणी दुसऱ्या निवडणुकीपासून लागू करावी, हे सर्वांत साधे. पण मग फुटलेला गट स्वतःला नवा म्हणवणार. त्याच्यासाठी असे ठरवता येईल की, ज्या मतदारसंघांत तो आपला विद्यमान सदस्य पुन्हा उभा करतो ते सर्व आपोआप वरच्या भागात धरले जावेत, आणि त्या भागाचा हिशेब त्याला पहिल्याच निवडणुकीत द्यावा लागावा. विद्यमान सदस्य बहुधा पुरुषच असणार, त्यामुळे त्याला उरलेल्या चांगल्या जागांवर स्त्रिया द्याव्या लागतील. आघाडीत जागावाटप होते तेव्हा मागील मते कोणत्या पक्षाची धरायची, हा गुंता त्याहून मोठा आहे. नेपाळच्या उदाहरणानंतर तो बाजूला ठेवता येणार नाही. मोजपट्टी यांनी त्यावर आकडेमोड करून दाखवली तर बरे होईल.